सड्यावरची रोपे, संजीवके आणि पावसानंतरचे सात महिने

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गोव्यातल्या पेडण्यात चिऱ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तुम्ही गेल्या जूनमध्ये काजूची आणि मानकुराद आंब्याची कलमे, थोडी कोकमे आणि कडेने किंदळ-मट्टी या रानझाडांची रोपे लावलीत. दिवाळीपर्यंत सगळे हिरवेगार होते, मार्चअखेर निम्म्याहून जास्त वाळले. यंदा नांग्या भरल्यात, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपे लावलीत, काही रोपे अजून पिशव्यांत आहेत. दुकानात तुम्हाला संजीवके म्हणून, म्हणजे झाडाची वाढ आणि वागणूक बदलणारी द्रव्ये म्हणून, तीन गोष्टी सुचवल्या: ॲबसिसिक ॲसिडची फवारणी, सॅलिसिलिक ॲसिडची फवारणी, नाहीतर बुंध्याशी कल्टार, हे आंब्याला लवकर मोहोर आणायचे औषध. यातले काय घालू, आणि घातले तर पाणी कमी दिलेले चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

कल्टार अजिबात घालू नका. ॲबसिसिक ॲसिडवर पैसे घालवू नका, तुमची गरज त्याच्या आवाक्यातली नाही. सॅलिसिलिक ॲसिड ऑक्टोबरात दोनदा, हलक्या प्रमाणात मारायला हरकत नाही. थोडा उपयोग होतो. पाणी मात्र खरेच कमी पुरेल. ते कुठे, किती खोल आणि किती दिवसांनी देता यावर ते अवलंबून आहे, बाटलीवर नाही. कसे ते सविस्तर सांगतो, कारण गेली सत्तावीस वर्षे गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात रोपवाटिका चालवताना मी ही सगळी औषधे हाताळली आहेत आणि त्यातली काही नको तिथे वापरून रोपे गमावलीही आहेत.

आधी एक काम करा. गेल्या वर्षीची वाळलेली दोन-चार काजूची कलमे अजून जागेवर असतील तर कुदळीने बाजूची माती मोकळी करून, न तोडता, मुळासकट वर काढा. माती झटका आणि नीट बघा. मला खात्री आहे की निदान काहींची मुळे पिशवीच्याच आकारात असतील: सोटमूळ तळाशी वळून गोल फिरलेले, बारीक मुळे त्याभोवती चुंबळीसारखी गुंडाळलेली, आणि त्या गोळ्याबाहेर चार बोटेही कोणी गेलेले नाही. असे रोप पाऊस असेतोवर छान दिसते, कारण वरून पाणी मिळतच असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचे सात महिने आभाळ कोरडे. सड्यावरची जांभ्याची माती उथळ, भोकाभोकांची. पाणी धरून ठेवत नाही. त्या एवढ्याशा गोळ्यातली ओल डिसेंबरातच संपते. पुढचे तीन महिने रोप केवळ सावकाश मरत असते, आणि आपल्याला ते मार्चमध्ये दिसते.

अशा रोपावर कुठलेही संजीवक मारले तरी ते मुळांना पाण्यापर्यंत पोचवणार नाही. ‘संजीवक’ हा शब्द आपल्याकडे रुळला आहे, पण त्यातली ‘संजीवनी’ माणसाला फसवते. ही रसायने म्हणजे झाडाच्या आतले निरोप आहेत. निरोप ऐकून काही करायला झाडाकडे ताकद हवी, साठा हवा.

आता ॲबसिसिक ॲसिड. दुष्काळाचे संजीवक म्हणून त्याचेच नाव पहिल्यांदा घेतले जाते, आणि ते बरोबर आहे. १९६३ साली अमेरिकेत कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून ते वेगळे काढले गेले. बोंडे आणि पाने गाळणारे द्रव्य अशी त्या वेळी समजूत झाली, म्हणून नावही गळतीवरून पडले. पुढे कळले की पानगळीचे काम मुख्यतः इथिलीन या दुसऱ्या संजीवकाचे, आणि याचे खरे काम पाणी राखण्याचे. पानाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म रंध्रे असतात. प्रत्येक रंध्राला दोन ओठांसारख्या पेशी. त्या पेशी पाण्याने फुगलेल्या असल्या की रंध्र उघडे राहते, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि वाफ बाहेर जाते. माती सुकू लागली की ॲबसिसिक ॲसिड वाढते, त्या दोन पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, मागोमाग पाणी निघते, पेशी ढिल्या होतात आणि रंध्र मिटते. दुपारी दोन वाजता सड्यावर उभे राहून काजूचे पान हाताला लावून बघा. ओल असलेल्या रोपाचे पान हवेपेक्षा फार तापलेले नसते, कारण वाफ त्याला थंड ठेवते. तहानलेल्या रोपाचे पान चटकन गरम लागते. त्याची रंध्रे मिटली आहेत हे तुम्हाला बोटांनी कळते.

हेच द्रव्य बाहेरून फवारले तर रंध्रे बाहेरच्या हुकमाने मिटतात. जगात त्याचा मोठा वापर द्राक्षाला रंग यावा म्हणून होतो. रोपवाटिकांत त्याचा खरा उपयोग आहे तो वाहतुकीत: रोपे दोन-तीन दिवस टेम्पोत, उन्हात, पाण्याविना जाणार असतील तर आधी फवारल्याने ती कोमेजत नाहीत. पण त्याचा असर काही दिवसांचा, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांचा. ऊन लागले की ते लवकर निकामी होते, झाड स्वतःही त्याची विल्हेवाट लावते. तुमच्यापुढे सात महिने आहेत.

समजा तुम्ही पुन्हा पुन्हा फवारलेत, तर दुसरी अडचण उभी राहते. रंध्र मिटले म्हणजे पाणी वाचले, पण अन्न तयार होणेही थांबले. अन्न नाही तर नवे मूळ नाही, आणि नवे मूळ नाही तर खालची ओल मिळणार नाही. शिवाय वाफ बंद म्हणजे पान तापणार. मार्चच्या उन्हात, खालून चिरा तापलेला असताना, तोंड मिटून बसलेले कोवळे पान करपते. जास्त प्रमाणात हे मारले की जुनी पाने पिवळी पडून गळतात, तेही मी पाहिले आहे.

कल्टारबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आंबेवाल्यांच्या घरी ते असतेच आणि उरलेले रोपांना घालायचा मोह होतो. त्यातले द्रव्य पॅक्लोब्युट्राझॉल. ते झाडातल्या जिब्रेलिनची, म्हणजे फांद्या लांबवणाऱ्या संजीवकाची, निर्मिती अडवते, म्हणून फांदी लांबत नाही आणि आंब्याला मोहोर लवकर येतो. जिब्रेलिन आणि ॲबसिसिक ॲसिड एकाच मूळ वाटेने तयार होतात. त्यामुळे जिब्रेलिन अडले की ॲबसिसिकचे पारडे थोडे जड होते, पाने जाड आणि गडद होतात, पाण्याचा खर्च घटतो. कुंडीतल्या प्रयोगात हे छान दिसते. सुरुवातीच्या वर्षांत मीही आंब्याच्या कोय कलमांच्या पिशव्यांत ते अगदी पातळ करून घातले होते. रोपे इतकी टवटवीत, गच्च पानांची झाली की लोकांनी निवडून निवडून नेली. तिसऱ्या वर्षी एका बागेत गेलो, तर ती कलमे गुडघ्याएवढीच होती. पेरे एकमेकांना चिकटलेले, शेंड्याला पानांचा झुबका, आणि शेजारची साधी कलमे कमरेच्या वर गेलेली. ज्यांनी माझ्यावर विश्वासून ती नेली होती त्यांची दोन-तीन वर्षे माझ्यामुळे वाया गेली, हे मला आजही बोचते. हे द्रव्य मातीत दीर्घकाळ टिकते, धुऊन काढता येत नाही. कोवळ्या झाडाला पहिली तीन-चार वर्षे वाढायचे असते, आणि कल्टार नेमके तेच थांबवते. फळावर आलेल्या मोठ्या आंब्यापुरतेच ते ठेवा.

सॅलिसिलिक ॲसिड या तिघांत निरुपद्रवी आणि स्वस्त. विलो नावाच्या झाडाच्या सालीत याच कुळातले द्रव्य सापडले होते, त्या झाडाच्या लॅटिन नावावरून हे नाव आले. तहान लागली की पानाच्या पेशींत जाळणारी ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. त्यांना आवरणारी झाडाची स्वतःची यंत्रणा सॅलिसिलिकमुळे आधीच सज्ज राहते. ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा. पाने माना टाकू लागल्यावर मारून उपयोग नाही. पाऊस सरताना, रोप तृप्त असताना, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा आणि साधारण अठरा-वीस दिवसांनी दुसऱ्यांदा, संध्याकाळी उन्हे उतरल्यावर, पानांच्या दोन्ही अंगांना मारायचे. पूर्ण प्रमाण लिटरला १४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला सव्वादोन ग्रॅम. कोवळ्या कलमांवर मी निम्म्याने, पंपाला जेमतेम एक ग्रॅमने सुरुवात करतो. पावडर थेट पाण्यात टाकली तर वर तरंगत राहते, म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात ओतायची. अंदाजाने चमचा घालू नका, सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा घ्या. प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले तर पानांच्या कडा भाजतात. पहिल्यांदा दहाच रोपांवर मारून चार दिवस थांबा. आणि शेजारची एक ओळ न फवारता सोडा, नाहीतर फरक पडला की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. माझ्या वाटिकेत फवारलेली ओळ पाण्याच्या दोन पाळ्यांमधला ताण थोडा जास्त सोसते, पाने कमी करपतात. मरणारे रोप त्याने जगलेले मी पाहिलेले नाही.

समुद्रशेवाळाच्या अर्काचे विचारले नाहीत, पण तोही कोणीतरी सुचवेलच. त्यात सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी वाढीची संजीवके आणि इतरही बरेच काही अल्प प्रमाणात असते. जून-जुलैत मुळाशी ओतला तर लागण चांगली होते. सप्टेंबरनंतर बंद करा, कारण त्या वेळी नवी कोवळी पालवी आपल्याला नको आहे. याच कारणाने सप्टेंबरात युरियाही नको आणि जिब्रेलिक ॲसिड असलेली ‘टॉनिके’ तर नकोतच. त्यांनी रोप लांबोडके आणि पातळ पानांचे होते. २०२१ पासून अशी जैव-उत्तेजके केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेले नसेल तर ती परत ठेवा.

एका बाईंनी मागे मला माडाच्या व्हिनेगरबद्दल विचारले होते, आणि प्रश्न बिनबुडाचा नव्हता. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की ॲसेटिक ॲसिडचे, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाचे, पातळ पाणी मुळांना दिले तर जॅस्मोनेट नावाच्या संजीवकाची यंत्रणा जागी होते आणि रोपे कोरड सोसतात. पण ते काम एका छोट्या प्रयोगवनस्पतीवर आणि भात, गहू, मका अशा पिकांवर, कुंड्यांतले होते. आपली जांभ्याची माती आधीच आम्लधर्मी. कलमांच्या मुळाशी व्हिनेगर ओतायला मी सांगणार नाही.

आता मला जे खरे सांगायचे आहे ते. ॲबसिसिक ॲसिड तुमचे रोप स्वतःच बनवते, फुकट, आणि हवे तेव्हा हवे तेवढेच. आपण त्याला ते बनवायची संधी देतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. पाऊस गेला की बहुतेक जण काय करतात? रोज संध्याकाळी रोपाला तांब्या-दोन तांबे पाणी. वरची दोन-तीन इंच माती ओली होते, रोप खूश, मालक खूश. मुळांना खाली जायचे कारणच उरत नाही, ती वरच्या थरात जाळे विणतात. माती कधी सुकतच नाही, म्हणून ताणाचा निरोपही कधी जात नाही. पाने मोठी, पातळ, रंध्रे दिवसभर उघडी. फेब्रुवारीत विहिरीचे पाणी खाली जाते, गडी दोन दिवस येत नाही, आणि असे लाडावलेले रोप आठवड्यात कोसळते.

त्याऐवजी पाणी खोल द्या आणि मध्ये अंतर ठेवा. वरचा थर सुकला की तिथली मुळे ताणात येतात, त्यांचा निरोप पानांपर्यंत जातो, रंध्रे दुपारी थोडी मिटतात, सकाळी उघडतात. खालच्या मुळांना मात्र ओल मिळत राहते, म्हणून झाड उपाशी राहत नाही. द्राक्षबागांत मुळांची एक बाजू कोरडी आणि दुसरी ओली ठेवून हीच युक्ती मुद्दाम वापरली जाते. पहिल्या वर्षीच्या कलमाला मी ऑक्टोबरअखेरीपासून दहा-बारा लिटर पाणी देतो, आठ-दहा दिवसांनी एकदा, आणि तेही पृष्ठभागावर नाही. डिचोलीच्या कुंभारांकडून कोरी, झिरपणारी मडकी आणायची, रोपापासून हातभर अंतरावर, वरच्या बाजूला, गळ्यापर्यंत पुरायची, तोंडावर करवंटी किंवा कौलाचा तुकडा. मडक्यातले पाणी माती मागेल तसे झिरपते आणि मुळे त्याच्याकडे खाली उतरतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाण्याची पाळी ठरवायला बांबूची काठी वापरतात. मडक्याच्या कडेने काठी वीतभर खाली घालायची, वर काढून टोकाला बोट लावायचे. मला त्या म्हणतात, “भाई, काठीला माती चिकटली तर आज नको, उद्या बघू.” या काठीने आमचे जेवढे पाणी वाचवले तेवढे कुठल्याही फवारणीने वाचवलेले नाही.

यासाठी खड्ड्याचा तळ फुटलेला हवा. सड्यावर दोन फुटांचा खड्डा खणला की खाली चिऱ्याचा सलग थर लागतो आणि माणसे तिथेच थांबतात. तो खड्डा नाही, कुंडी आहे. तळाला पहारीने भोके पाडा, भेग सापडेपर्यंत. काजूचे मूळ भेगेतून आश्चर्यकारक खोल जाते, पण भेग त्याला मिळायला हवी. यंदाच्या लावणीत हे झाले नसेल तर आता रोपाला धक्का न लावता, खड्ड्याच्या बाहेरून, उताराच्या वरच्या बाजूला दोन-तीन भोके पाडा आणि त्यात पातेरा (वाळलेला पालापाचोळा) व माती भरा.

पोटॅशबद्दलही सांगायला हवे, कारण ते या सगळ्याशी जोडलेले आहे. रंध्राच्या पेशी पोटॅशियमच्या जोरावर उघडतात-मिटतात असे वर म्हटले. जांभ्याच्या मातीत पोटॅश कमीच, पावसाने धुपून गेलेले. ते नसेल तर झाडाने कितीही ॲबसिसिक बनवले तरी रंध्रांची हालचाल नीट होत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, माती ओली असताना, रोपामागे ५०-६० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश बुंध्यापासून वीतभर दूर गोल रिंगणात घाला. चुलीची राख असेल तर तीही मूठ-दोन मुठी घाला. आम्लताही थोडी उतरते.

पाऊस थांबायच्या आत, माती ओली असतानाच, आळ्यात पातेरा चांगला चार बोटे जाड पसरा, वर नारळाची सोडणे (काथ्याची साले) पालथी ठेवा. बुंध्याला मात्र चिकटवू नका, सड्यावर वाळवी लगेच चढते. पश्चिमेच्या बाजूला माडाची दोन चुडते (झावळ्या) तिरकी रोवून दुपारची शिरवळ करा. पान थंड राहिले की त्याला रंध्र मिटूनही तग धरता येतो.

आता झाडाझाडातला फरक. कोकम हे मुळात सदाहरित रानातले, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. उघड्या सड्यावर त्याला कुठलेच संजीवक वाचवणार नाही. पिशव्यांत उरलेली कोकमे खालच्या अंगाला, ओहोळाच्या कडेने, नाहीतर कोणाच्या कुळागरात (सावलीच्या पोफळीबागेत) लावा. किंदळ आणि मट्टी याच्या उलट. ही उन्हाळ्यात पाने टाकणारी झाडे, पाने टाकणे हाच त्यांचा पाणी वाचवायचा मार्ग. त्यांची लहान रोपे पहिली एक-दोन वर्षे वरून पूर्ण वाळतात आणि जूनमध्ये जमिनीलगत पुन्हा फुटतात. तुम्ही मार्चमध्ये ‘मेलेली’ म्हणून मोजलीत त्यातली काही जिवंत असण्याची शक्यता आहे. नखाने बुंध्याजवळची साल खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर ते रोप उपटू नका. उपटलेल्या जागी नवे लावले असेल तर जवळून जुन्याचा फुटवा येतोय का तेही बघून घ्या.

पिशव्यांतली काजू आणि आंब्याची कलमे ऑगस्टच्या शेवटी सड्यावर लावू नका, मुळे पसरायला त्यांना सहा आठवडेच मिळतील. मोठ्या, खोल पिशवीत बदला, बदलताना तळाची गुंडाळलेली मुळे धारदार कात्रीने कापून सरळ करा, आणि पुढच्या जूनच्या पहिल्या पावसात लावा. एप्रिल-मेमध्ये त्यांना सावलीतून हळूहळू उन्हात आणा, पाण्याच्या पाळ्या लांबवत न्या: आधी एक दिवसाआड, मग दोन, मग तीन. पाने थोडी लहान आणि जाड होतील, दुपारी जराशी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा उभी राहतील. संध्याकाळी उभी राहिली नाहीत तर तुम्ही ताण जास्त दिलात, एक पाळी मागे या. अजून चांगले हवे असेल तर काही खड्ड्यांत पुढच्या पावसाळ्यात काजूची बी जागेवरच पेरा आणि रोप तयार झाले की तिथेच कलम करा. त्याचे सोटमूळ पिशवी कधी बघतच नाही, सरळ खाली जाते. वर्षभर मागे पडल्यासारखे वाटेल, पण सड्यावर टिकलेली माझी सगळ्यात जुनी काजूची झाडे अशीच लावलेली आहेत.

मुळासकट काढलेल्या त्या वाळलेल्या कलमांची मुळे कशी निघाली ते कळवा. मुळे खाली सरळ गेलेली असतील आणि तरीही रोप मेले असेल, तर माझा अंदाज चुकला आहे. मग वाळवी, मूळकूज किंवा सड्यावरची आग यांकडे बघावे लागेल, आणि पाण्याचे वरचे वेळापत्रकही त्याप्रमाणे बदलावे लागेल.